नारळपाण्यातला न आंबणारा गोडवा

दोस्तांनो, एक साधा प्रश्न. नारळ फोडला की त्यातल्या पाण्याचं तुमच्या घरी काय होतं?

‘हे काय विचारणं झालं? आम्ही पितो!’ असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. आईने नारळ हातात घेतला की खाली भांडं धरायला आणि पाणी प्यायला घरातली पोरं हजर! देवळात नारळ ‘वाढवला’ की मात्र पाणी दगडावरून ओघळून जातं. आणि कारखान्यात?

केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, तसंच फिलिपाईन्स, इंडोनेशिया आणि श्रीलंका इथे खोबऱ्याचा कीस, नारळाचं दूध, दुधाची भुकटी असे पदार्थ बनवणारे कारखाने आहेत. त्यांना हवं असतं खोबरं. पाणी नको असतं. शहाळ्याचं पाणी चवीला छान, म्हणून ते विकलं जातं. पण पूर्ण पिकलेल्या नारळाचं पाणी तितकं गोड नसतं, उघड्यावर ते काही तासांतच आंबू लागतं, आणि हजारो नारळांचं पाणी एकदम पिणार तरी कोण? आजकाल काही ठिकाणी हे पाणी गोळा करून डब्यांत भरतात. जिथे तशी सोय नाही, तिथे ते गटाराच्या वाटेने जातं.

जाईना का, पाणीच तर आहे, असं वाटतं ना? इथेच खरी गोम आहे.

गोड पाणी, गुदमरलेला ओढा

हे पाणी ओढ्यात गेलं की त्यातल्या साखरेवर जिवाणू तुटून पडतात. खायला भरपूर, म्हणून त्यांची संख्या झपाट्याने वाढते. खाताना त्यांना लागतो प्राणवायू. तो ते ओढ्याच्या पाण्यातून घेतात. मग मासे, बेडूकमासे, खेकडे यांच्या वाट्याला प्राणवायू उरत नाही. कुठलंही विष नाही, की रंग नाही. नुसत्या गोडव्यानेच ओढा गुदमरतो! नंतर पाण्याला कुबट वास येऊ लागतो. म्हणून हे पाणी स्वच्छ केल्याशिवाय सोडणं चुकीचं आहे, आणि स्वच्छ करायला पैसे पडतात.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला की, फेकण्यासाठी पैसे मोजायचेच आहेत, तर फेकण्याआधी त्यातून उपयोगाचं काही काढून घेता येईल का?

पाण्यात दडलंय काय?

माडावर नारळ पूर्ण पिकायला साधारण वर्ष लागतं. सहा-सात महिन्यांच्या शहाळ्यात १०० मिलिलिटर पाण्यामागे सुमारे ५ ग्रॅम साखर असते. त्या वयात ती मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते. नारळ पिकत गेला की साखर घटत घटत सुमारे २ ग्रॅमवर येते आणि त्यातली बहुतेक सुक्रोज, म्हणजे आपल्या चहातलीच साखर असते. शिवाय पोटॅशियमसारखे क्षार, थोडी प्रथिनं आणि जीवनसत्त्वं असतात.

पण यांच्याबरोबर आणखी एक मंडळी गुपचूप बसलेली असते. त्यांची नावं सॉर्बिटॉल, मॅनिटॉल आणि इनॉसिटॉल. या कुटुंबाला म्हणतात शर्करा-अल्कोहोल.

दचकू नका! या अल्कोहोलने नशा येत नाही. रसायनशास्त्राची भाषाच तशी आहे. कार्बनच्या अणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ‘ओएच’ ही जोडी विशिष्ट पद्धतीने लटकलेली दिसली, की त्या पदार्थाला अल्कोहोल म्हणायचं.

ग्लुकोजचा रेणू म्हणजे सहा डब्यांची आगगाडी समजा. प्रत्येक डबा कार्बनचा. पाच डब्यांना ओएचची जोडी लटकलेली आहे. सहाव्या डब्याने मात्र एकट्या ऑक्सिजनला दोन्ही हातांनी धरून ठेवलंय. तिथे हायड्रोजनचे दोन अणू आणून बसवले, की त्या डब्यालाही ओएच मिळते. आता सहाच्या सहा डबे सारखे! हेच सॉर्बिटॉल. मॅनिटॉल हा त्याचा जुळा भाऊ; फक्त एका डब्याची ओएच दुसऱ्या बाजूला. आणि इनॉसिटॉल? त्या गाडीने शेपूट तोंडात धरलं. सहा कार्बनांनी हातात हात घालून फेर धरलाय, आणि प्रत्येकाला एकेक ओएच. या जोड्यांपैकी कोण फेराच्या वर आणि कोण खाली, त्यावरून इनॉसिटॉलचे निरनिराळे प्रकार होतात. नारळपाण्यात त्यातले दोन सापडतात, मायो-इनॉसिटॉल आणि सिलो-इनॉसिटॉल.

या दोघांच्या नावांमागची गंमत ऐका. ‘मायो’ म्हणजे ग्रीक भाषेत स्नायू. १८५० साली हा पदार्थ पहिल्यांदा मांसात सापडला, म्हणून हे नाव. ‘सिलो’ हे नाव आलं एका जातीच्या मुशीवरून. हो, समुद्रातली शार्क कुळातली मुशी! १८५८ साली तो तिच्या शरीरात सापडला. पुढे १९०७ मध्ये माडाच्या पानांतून एक ‘नवा’ पदार्थ निघाला, त्याचं ‘कोकोसिटॉल’ असं बारसंही झालं. नंतर कळलं की तो मुशीतलाच पदार्थ आहे. कुठे मुशी आणि कुठे माड!

यांचा उपयोग काय?

टूथपेस्टच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा. सॉर्बिटॉल बहुतेक वेळा सापडेल. ते ओलावा धरून ठेवतं, म्हणून पेस्ट सुकून खडखडीत होत नाही. साखरेच्या सुमारे ६० टक्के गोडी, पण उष्मांक कमी. तोंडातल्या जिवाणूंना ते सहज पचत नाही, म्हणून दातांवर आम्लाचा मारा कमी होतो. बिनसाखरेच्या गोळ्या, खोकल्याची औषधं यांतही ते असतं. अर्थात, जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, हेही लक्षात ठेवा.

मॅनिटॉल च्युइंगमवर पिठासारखं भुरभुरवतात. ते ओल चटकन शोषत नाही. आणि डोक्याला मार लागून मेंदूला सूज आली, तर डॉक्टर मॅनिटॉलचं द्रावण शिरेतून देतात. इनॉसिटॉल आपल्या पेशींच्या आवरणात आणि पेशींच्या निरोपानिरोपीत काम करतं. सिलो-इनॉसिटॉल अल्झायमर या विस्मरणाच्या रोगावर उपयोगी पडेल, अशी मोठी आशा होती. रुग्णांवर चाचण्या झाल्या, पण हवा तसा फायदा दिसला नाही. विज्ञानात असंही होतं. ‘नाही’ हेसुद्धा उत्तरच असतं.

गाजराने लावला पत्ता

नारळपाण्यात हे पदार्थ आहेत, हे कळलं ती कहाणी गाजरापासून सुरू होते. १९४१ साली व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे इवलेसे भ्रूण बाटलीत वाढवण्यासाठी नारळाचं पाणी वापरलं आणि ते वाढले. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक स्ट्यूअर्ड यांनी गाजराचे तुकडे नारळपाणी घातलेल्या द्रावणात ठेवले. गप्प बसलेल्या पेशी जाग्या झाल्या आणि भराभर वाढू लागल्या. १९५८ मध्ये तर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात गाजराच्या सुट्या पेशींपासून नवी रोपं तयार करून दाखवली.

पण नारळपाण्यात अशी कोणती जादू आहे? स्ट्यूअर्ड यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं नारळपाण्याची चिरफाड चालली होती. १९६१ साली त्यांनी आणि पोलार्ड व शान्ट्झ या सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की या जादूतला एक वाटा सॉर्बिटॉल आणि दोन इनॉसिटॉल यांचा आहे. दुसरा महत्त्वाचा वाटेकरी, झिआटिन रायबोसाइड नावाचं वाढीचं संप्रेरक, १९७४ मध्ये सापडला. विचार केला तर यात नवल नाही. नारळाचं पाणी हे बाळ-माडासाठी भरून ठेवलेलं दूधच की!

जुळ्यांना वेगळं कसं करायचं?

आता खरी परीक्षा. पाण्यात साखरही आहे आणि शर्करा-अल्कोहोलही. दोन्ही गोड. दोन्ही पाण्यात विरघळतात. चाळणीने वेगळे करावेत, तर ग्लुकोजचा रेणुभार १८०, सॉर्बिटॉलचा १८२ आणि इनॉसिटॉलचा तर बरोब्बर १८०! पाणी आटवलं तर सगळ्यांचा मिळून चिकट काकवीसारखा गोळा होतो आणि त्यात स्फटिक धड तयार होत नाहीत.

अशा वेळी कामाला येतं यीस्ट. पाव फुगवणारी ही एकपेशीय बुरशी खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असते. सुक्रोज दिसलं की ती विकर, म्हणजे रासायनिक कात्री, बाहेर काढते आणि त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. मग ते पेशीत घेऊन त्यांचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. पण सॉर्बिटॉल, मॅनिटॉल समोर आले तर? पावाचं नेहमीचं यीस्ट त्यांच्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. इनॉसिटॉल वाढीपुरतं चिमूटभर घेतं, बस्स.

म्हणजे ताटातलं जे आपल्याला नको ते यीस्टने खायचं आणि हवं ते सोडायचं. असा पाहुणा मिळायला भाग्य लागतं!

साधारण पायऱ्या अशा:

१. नारळपाणी गाळून तापवायचं, म्हणजे नको असलेले जिवाणू मरतात. थोडं आम्ल घातलं तर तापवताना प्रथिनांचा साका खाली बसतो.

२. थंड झाल्यावर यीस्ट घालायचं. बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. वायू बाहेर जायला मात्र वाट ठेवायची.

३. बुडबुडे थांबले आणि तपासणीत साखर संपल्याचं दिसलं, की यीस्ट गाळून काढायचं.

४. ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वेगळं करायचं.

५. उरलेलं पाणी विशिष्ट कृत्रिम राळेच्या मण्यांमधून सोडायचं. हे मणी क्षार धरून ठेवतात. शर्करा-अल्कोहोलांवर विद्युतभार नसतो, म्हणून ते निसटून पुढे जातात.

६. मग पाणी आटवायचं आणि निववायचं. प्रत्येकाची विरघळण्याची क्षमता वेगळी असल्यामुळे त्यांचे स्फटिक वेगवेगळे काढता येतात.

ही युक्ती नवी नाही. सॉर्बिटॉल हे नाव ज्या ‘सॉर्बस’ झाडावरून पडलं, त्याच्या लाल फळांच्या रसात १८७२ साली बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते सापडलं. अशा रसातून ते काढायचं तर आधी यीस्टकरवी साखर आंबवून टाकायची, ही रीत जुन्या रसायनशास्त्रज्ञांना माहीत होती.

वाटेतला चोर आणि बुडालेलं चिलट

पण जरा डोळा लागला की चोर शिरतो! त्याच फळांच्या रसाची गोष्ट बघा. १८५२ साली पेलूझ या शास्त्रज्ञाला कित्येक महिने ठेवलेल्या रसात ‘सॉर्बोज’ नावाची साखर मिळाली. इतरांनी करून पाहिलं, तर कधी मिळे, कधी मिळत नसे. हे कोडं सोडवलं बर्त्रां यांनी, १८९६ मध्ये. पिकल्या केळ्यांभोवती घोंगावतात ना, तसली बारीक चिलटं रसावर बसतात. त्यांच्या अंगावरून एक जिवाणू रसात उतरतो आणि सॉर्बिटॉलचं सॉर्बोज करून टाकतो. चिलट आलं तर सॉर्बोज, नाही आलं तर नाही!

म्हणजे आपण सॉर्बिटॉल जपायला बसलो आणि झाकण उघडं राहिलं, तर हा पठ्ठ्या ते पळवणारच.

पण चोरालाही कामाला लावता येतं, बरं का. १९३३ साली स्वित्झर्लंडमध्ये राइकश्टाइन हे क जीवनसत्त्व बनवण्याच्या खटपटीत होते. त्यांना सॉर्बोज हवं होतं. त्यांनी गोड-आंबट द्रावणाचे पेले मुद्दाम उघड्यावर ठेवले. एका पेल्यात चिलट बुडालं आणि त्याच पेल्यात सॉर्बोजचे स्फटिक चमकू लागले! पुढे अनेक दशकं जगभरच्या कारखान्यांतून क जीवनसत्त्व याच वाटेने तयार झालं: ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल, जिवाणूंकरवी सॉर्बोज, मग क जीवनसत्त्व.

याच जिवाणूच्या गोतावळ्यातला एक भाऊ फिलिपाईन्समध्ये नारळपाण्यावर जाड, पांढरी, लुसलुशीत साय धरतो. तिचे तुकडे पाकात घालून खातात. तिचं नाव ‘नाटा दे कोको’. यीस्टने केलेल्या अल्कोहोलवर हवेत वाढणारे असेच जिवाणू सोडले, तर नारळपाण्याचा व्हिनेगरही होतो. गोव्यात करतात ते व्हिनेगर मात्र वेगळं. ते माडाच्या सुरेपासून होतं, नारळातल्या पाण्यापासून नव्हे.

इडलीच्या पिठातला कारागीर

आतापर्यंत आपण असलेलं शोधत होतो. नवं तयार करता येईल का? येतं! इडलीचं पीठ आंबवणारा ल्युकोनॉस्टॉक नावाचा जिवाणू फ्रुक्टोजला हायड्रोजन देऊन त्याचं मॅनिटॉल बनवतो. ग्लुकोजच्या एका रेणूवर काम करताना हातात आलेला जास्तीचा हायड्रोजन तो फ्रुक्टोजच्या दोन रेणूंच्या गळ्यात मारतो. नारळपाण्यातल्या सुक्रोजचे तुकडे केले की फ्रुक्टोज मिळतंच. म्हणजे यीस्ट साखर काढून टाकतं, तर हा कारागीर साखरेचा काही भाग आपल्याला हव्या त्या मालात बदलतो. सोबत थोडी आम्लंही तयार होतात, ती पुढे वेगळी करावी लागतात.

आता पाटी-पेन्सिल घ्या

सगळं ऐकून वाटेल, की आता कारखाना काढायलाच हवा! थांबा, आधी हिशोब.

समजा १००० नारळ फोडले आणि प्रत्येकातून १०० मिलिलिटर पाणी मिळालं. झालं १०० लिटर. त्यात २ टक्के दराने २ किलो साखर. आंबल्यावर साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मं, म्हणजे सुमारे १ किलो अल्कोहोल. आणि लिटरला १० ग्रॅम सॉर्बिटॉल आहे असं धरलं, तर तेही १ किलो. (नारळाची जात आणि वय यांप्रमाणे हा आकडा खूप बदलतो, म्हणून इथे ‘धरलं’ म्हटलंय.)

आता हे १०० लिटर पाणी आटवायचंय. सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली, जराही वाया गेली नाही, तरी सुमारे साडेपाच किलो स्वयंपाकाचा गॅस जाळावा लागेल. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त! कशासाठी? किलोभर सॉर्बिटॉलसाठी. उलट मक्याच्या पिठुळापासून ग्लुकोज करून त्याला निकेलच्या मदतीने हायड्रोजन जोडला, की ढीगभर सॉर्बिटॉल स्वस्तात तयार होतं. मग आपल्याला कोण विचारणार?

म्हणजे सगळं मुसळ केरात? तसंही नाही. साखर कारखान्यात उसाचा रस कसा आटवतात, माहीत आहे? एका भांड्याची वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवायला वापरतात. एकच उष्णता पुन्हा पुन्हा कामाला येते. शिवाय आटवण्याआधी बारीक पडद्यातून दाब देऊन बरंचसं पाणी काढून टाकता येतं. आणि जळण? करवंटी १०० ग्रॅमची धरली, तरी १००० नारळांच्या करवंट्या म्हणजे १०० किलो सुकं जळण! अर्थात, करवंटीपासून कार्यकारी कोळसा होतो आणि तिलाही भाव आहे. तेव्हा ती जाळायची की विकायची, हाही हिशोबच.

दुसरी गोष्ट, नुसत्या सॉर्बिटॉलवर डोळा ठेवून चालणार नाही. अल्कोहोल किंवा व्हिनेगर, गुरांच्या खाद्यात जाणारं यीस्ट, पोटॅशियमचे क्षार, आणि प्रमाणाने थोडं पण दुर्मिळ असलेलं सिलो-इनॉसिटॉल, अशा सगळ्यांची मोळी बांधली तरच गणित जमण्याची शक्यता. वर ओढा वाचला, त्याची किंमत वेगळी. ती कोणाच्या वहीत लिहायची? कारखान्याच्या की गावाच्या? या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्र देत नाही. ते माणसांनीच ठरवायचं असतं.

चौकट: करून पाहा

साहित्य: प्लॅस्टिकच्या अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या, तीन फुगे, पावाचं कोरडं यीस्ट, एक नारळ, साखर.

पहिल्या बाटलीत अर्धा कप साधं पाणी, दुसरीत तेवढ्याच पाण्यात एक चमचा साखर, तिसरीत अर्धा कप नारळपाणी घ्या. तिन्ही कोमट असू द्या. प्रत्येकीत पाव चमचा यीस्ट घालून तोंडाला फुगा लावा आणि उबदार जागी ठेवा. दर अर्ध्या तासाने फुगे बघा आणि दोऱ्याने त्यांचा घेर मोजून वहीत लिहा.

सांभाळा: बाटलीला बूच घट्ट लावू नका, वायूच्या दाबाने ती फुटू शकते. हे पाणी पिऊ नका, चवही घेऊ नका. आणि अल्कोहोल गाळण्याचा प्रयोग घरी अजिबात नको. ते धोक्याचं आहे आणि परवान्याशिवाय बेकायदाही.

फुगा फुगायचा थांबला, की बहुधा साखर संपलेली असते. पण त्या बाटलीत अजूनही काहीतरी शिल्लक आहे. यीस्टने न शिवलेलं, मुशी आणि माड दोघांनाही ठाऊक असलेलं. काय ते, आता तुम्हाला सांगायला नको!

मग पुढच्या नारळी पौर्णिमेला घरात नारळीभातासाठी नारळ फुटले, की भांडं नीट धरा. आणि तुमच्या गावात रोज किती नारळ फुटतात आणि त्यांचं पाणी जातं कुठे, याची एकदा चौकशी करून वहीत मांडा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला विषय कोणता?